कोणी लावलं, कोण काढणार? लेबलांच्या अभ्यासाची प्रस्तावना

१९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध गोळ्यांच्या रूपात जोरात खपत होतं. घशाच्या संसर्गावर गुणकारी, पण लहान मुलांना गोळी गिळवत नाही, म्हणून टेनेसी राज्यातल्या एका कंपनीने ते पातळ करून विकायचं ठरवलं. औषध पाण्यात विरघळेना. कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने ते डायएथिलिन ग्लायकॉलमध्ये विरघळवलं, रास्पबेरीचा स्वाद घातला आणि बाटल्या बाजारात गेल्या. डायएथिलिन ग्लायकॉल मूत्रपिंडं निकामी करतं. शंभरहून अधिक माणसं दगावली, त्यांत मुलं बरीच होती. सरकारी निरीक्षक गावोगाव बाटल्या गोळा करत हिंडले. मात्र जप्ती करायची ती कोणत्या कलमाखाली, हा प्रश्न होताच. औषध विकण्याआधी ते घातक नाही याची खात्री करून घ्यावी, अशी सक्ती तेव्हाच्या कायद्यात नव्हती. आधार सापडला तो बाटलीवरच्या नावात. लेबलावर 'एलिक्झिर' असं छापलेलं होतं. एलिक्झिर म्हणजे मद्यार्कात केलेलं औषध, आणि या बाटलीत मद्यार्काचा थेंबही नव्हता. गुन्हा ठरला तो चुकीच्या नावाचा. त्याच औषधाला नुसतं 'द्रावण' म्हटलं असतं, तर सरकारला कंपनीवर बोटही ठेवता आलं नसतं.

पुढच्या वर्षी, १९३८ मध्ये, ही उणीव भरून काढणारा नवा कायदा तिथे झाला. डायएथिलिन ग्लायकॉल मात्र आपल्याकडेही येऊन गेलं. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल म्हणून दिलेल्या औषधात तेच विष निघालं आणि १४ रुग्ण गेले. पुढे न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. देणाऱ्या परिचारिकेने आणि घेणाऱ्या रुग्णाने विश्वास ठेवला होता तो बाटलीवर जे लिहिलं होतं त्यावर. दुसरं ते करणार तरी काय?

लेबलांचा अभ्यास म्हणतात तो या विश्वासाचा अभ्यास आहे. त्याचं स्वतंत्र खातं कुठल्या विद्यापीठात शोधू नका. तो औषधनिर्माणशास्त्रात आहे, अन्नकायद्यात आहे, वनस्पतिशास्त्राच्या कपाटांत आहे, अणुरसायनात आहे, समाजशास्त्रात तर त्याच्या नावाचा एक सिद्धान्तच आहे, आणि अलीकडे संगणकशास्त्रात त्यावर लाखो माणसांची रोजीरोटी चालते. ही मंडळी एकमेकांचं फारसं वाचत नाहीत. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला 'लेबलिंग' म्हटलं की गुन्हेगार आठवतात, रसायनाच्या विद्यार्थ्याला कार्बन-१४ आणि वाण्याला किंमत. या क्षेत्रात पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्याने या सगळ्यांच्या घरी जाऊन यावं, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू.

कामापुरती एक व्याख्या करून घेऊ. वस्तूला किंवा माणसाला जोडलेलं, आणि लावणारा समोर नसताना त्याच्या वतीने बोलणारं छोटंसं विधान म्हणजे लेबल. यात तीन पक्ष आले: लावणारा, ज्याला लागतं तो, आणि वाचणारा. बहुतेक वेळा या तिघांची कधी गाठ पडत नाही, आणि सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू होते. कोणतंही लेबल दिसलं की मी दोन प्रश्न विचारतो. ज्याला हे लागलंय त्याला ते वाचता येतं का? आणि ते काढण्याचा अधिकार कोणाकडे आहे? पुढचं सगळं या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने आहे.

सोप्या ठिकाणापासून सुरुवात करू. घरातला बिस्किटांचा पुडा उलटा करा. बारीक अक्षरांत घटकांची यादी असेल. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, म्हणजे जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी. पुड्याच्या दर्शनी बाजूला गव्हाच्या ओंब्या डोलत असल्या तरी यादीत पहिला मैदाच बसलेला दिसतो. साखरेचं काय होतं ते आणखी बघण्यासारखं आहे. एके ठिकाणी 'साखर', पुढे 'इन्व्हर्ट सिरप', त्याच्याही पुढे 'माल्ट अर्क'. तिन्ही गोड, तिन्हींची नावं वेगळी, त्यामुळे प्रत्येकाचं वजन वेगळं धरलं जातं आणि गोडवा यादीत खाली सरकतो. यात कोणी खोटं बोललेलं नाही. कायद्याने सांगितलं तेवढं सगळं छापलेलं आहे, परवान्याच्या १४ आकडी क्रमांकासकट. तरीही वाचणाऱ्याला जे कळायला हवं ते कळत नाही. खोटं लेबल पकडणं सोपं असतं. खरं असून न कळणारं लेबल ही या क्षेत्रातली जास्त अवघड गोष्ट आहे.

यावर जगात दोन तऱ्हेचे उपाय झाले. चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, चरबी मर्यादेबाहेर असलेल्या पदार्थांवर समोरच्या बाजूला काळा अष्टकोन छापायला लावला: 'साखर जास्त', 'मीठ जास्त'. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये जो मसुदा मांडला त्यात ताऱ्यांची पद्धत होती, अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत. त्यावर पुष्कळ वाद झाला आणि व्हायलाच हवा होता. माझं मत स्पष्ट आहे. तारा हे आपल्याकडे शाबासकीचं चिन्ह आहे. चांगल्या वहीवर बाई तारा काढतात. ज्या पुड्यात नुसती साखर आणि तेल आहे, त्यालाही अर्धा तारा मिळणार असेल, तर ते सावध करणं नव्हे. काळा अष्टकोन निरक्षर माणसालाही कळतो.

रंगांची गोष्टही अशीच. शाकाहारी पदार्थाचा हिरवा ठिपका आणि मांसाहारी पदार्थाचा तपकिरी ठिपका २००१ पासून आपल्या ओळखीचे आहेत. पुढे लक्षात आलं, की ज्यांना रंगांतला फरक कळत नाही त्यांना दोन्ही ठिपके सारखेच. म्हणून २०२० च्या नियमांत मांसाहाराचं चिन्ह त्रिकोणी झालं. चांगली सुधारणा. पण हिरवा म्हणजे खायला बिनधोक, हे या वीस-पंचवीस वर्षांत घराघरांत रुजलं आहे, आणि आता शेतातला कीटकनाशकाचा डबा हातात घ्या. त्यावर शंकरपाळ्याच्या आकाराची एक खूण असते. तिच्या खालच्या अर्ध्या भागातला रंग विषाची तीव्रता सांगतो: लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. इथे हिरव्याचा अर्थ 'सौम्य विष'. सौम्य असलं तरी विषच. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले. त्याची कारणं अनेक होती, आणि सगळा दोष लेबलाच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. तरी एकाच देशातल्या दोन खात्यांनी एकाच रंगाला दोन टोकांचे अर्थ द्यावेत, आणि दोन्ही वस्तू एकाच घराच्या एकाच फळीवर याव्यात, याचा अभ्यास कोणीतरी करायला हवा.

आता जरा शांत जागी जाऊ. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम आहे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा वनस्पतिसंग्रह आहे. कपाटातून एक कागद काढला, तर त्यावर वाळवून चिकटवलेली फांदी असते आणि उजव्या कोपऱ्यात खाली लेबल. गोळा करणाऱ्याचं नाव, त्याचा क्रमांक, तारीख, ठिकाण, झाड केवढं होतं, ओढ्याकाठी होतं की कातळावर, फुलांचा रंग कोणता. रंग तेव्हाच लिहून ठेवावा लागतो, कारण वाळलं की जांभळं काय आणि निळं काय, सगळं तपकिरी होतं. शंभर वर्षांनी तो डोंगर फोडून तिथे वसाहत झाली, तरी ही वनस्पती तिथे होती याचा पुरावा या चार ओळींत उरतो.

मला या कागदांची एक शिस्त फार मोलाची वाटते. समजा नंतर आलेल्या एखाद्या तज्ज्ञाला वाटलं, की मूळ माणसाने ओळख पटवताना चूक केली. तो जुनं लेबल फाडत नाही, खोडतही नाही. शेजारी एक छोटी चिठ्ठी चिकटवतो. त्यावर नवं नाव, स्वतःचं नाव, तारीख. पुन्हा कोणी वेगळं म्हणालं तर आणखी एक चिठ्ठी. एकेका कागदावर चार-चार पिढ्यांचे मतभेद शेजारी शेजारी नांदताना दिसतात. कोणी, कधी, काय म्हटलं, सगळं समोर. माणसांना लावलेल्या लेबलांचा हिशेब कोणी इतक्या प्रामाणिकपणे ठेवलेला माझ्या पाहण्यात नाही.

अणुरसायनाकडे जाताना जॉर्ज द हेवेशी या हंगेरियन माणसाला भेटावंच लागतं. मँचेस्टरमध्ये रदरफोर्डने त्याला काम दिलं: शिशात मिसळलेलं 'रेडियम-डी' वेगळं करून दाखव. हेवेशी जंग जंग पछाडून थकला. होणार कसं? रेडियम-डी हे शिशाचंच किरणोत्सारी भावंड होतं, रसायनाच्या दृष्टीने दोघांत काडीचा फरक नव्हता. मग त्याने प्रश्नच उलटा केला. ही दोघं वेगळी होतच नसतील, तर शिसं जिथे जाईल तिथे हेही जाणार, आणि हे किरण सोडत असल्याने शिशाचा माग लागणार. १९२३ मध्ये त्याने घेवड्याच्या जातीच्या झाडांच्या मुळांतून शिसं कुठवर चढतं ते या रीतीने मोजलं. सांगतात, की खाणावळीची मालकीण उरलेलं अन्नच पुन्हा वाढते हा संशयही त्याने ताटात किंचित किरणोत्सारी पदार्थ मिसळून खरा ठरवला. माग काढण्याच्या या रीतीसाठीच त्याला नोबेल मिळालं, १९४३ चं.

पुढे या रीतीचा, म्हणजे अणूंचं लेबल लावून माग काढण्याचा, पसारा वाढला. मेसेल्सन आणि स्टाल यांनी १९५८ मध्ये जड नायट्रोजनचं लेबल लावून डीएनएची नक्कल कशी होते ते दाखवलं. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ पासून पेट स्कॅन होतात, तेही हेच तंत्र: ग्लुकोजसारख्या रेणूला फ्लोरिन-१८ चं लेबल. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज हावरटपणे घेतात, म्हणून त्या जागा उजळून दिसतात. हे लेबल जेमतेम ११० मिनिटांत निम्मं विझतं. म्हणजे काढण्याची तरतूद त्याच्या अंगातच असते.

या शास्त्रात लेबलाची एकच अट असते: ते लागल्याने रेणूचं वागणं बदलता कामा नये. बदललं, तर प्रयोग फुकट. ही अट लक्षात ठेवा, कारण माणसाच्या बाबतीत नेमकी तीच मोडते. इयान हॅकिंग या कॅनडाच्या तत्त्वज्ञाने यावर आयुष्यभर लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की क्वार्कला आपण क्वार्क म्हटल्याने क्वार्कला काही वाटत नाही, पण माणसाला एखाद्या वर्गात टाकलं की ते त्याला कळतं, तो त्याप्रमाणे किंवा त्याविरुद्ध वागू लागतो, आणि मग त्या वर्गाचं वर्णनच बदलावं लागतं. लेबल माणसाला बदलतं आणि बदललेला माणूस लेबलाला. माझ्या पहिल्या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

याचं सर्वांत भयंकर उदाहरण शोधायला महाराष्ट्राबाहेर जावं लागत नाही. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यामागचा तर्क असा, की हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तर चोराचा मुलगा चोर होणारच. आधी उत्तरेत लागू झालेला हा कायदा १९११ च्या दुरुस्तीने मुंबई इलाख्यातही आला. सरकारने अधिसूचना काढायची, की अमुक जमात गुन्हेगार आहे. त्यानंतर त्या जमातीत जन्मलेल्या प्रत्येकाचं नाव नोंदवहीत. बोटांचे ठसे. ठरल्या वेळी हजेरी. हद्दीबाहेर जायला पास. मुलं आईबापांपासून वेगळी काढण्याची मुभा. मूळ कायद्यातली एक तरतूद मुद्दाम सांगतो: अधिसूचना योग्य की अयोग्य, हे कोणत्याही न्यायालयाने विचारायचं नाही. माझ्या दुसऱ्या प्रश्नाला कायद्यानेच कुलूप घातलं होतं.

सोलापुरात तारेच्या कुंपणात मोठी वसाहत उभी राहिली, तिला 'सेटलमेंट' म्हणत. आतली माणसं सोलापूरच्या गिरण्यांत कामाला जात आणि परत कुंपणात येत. कैकाडी, पारधी, कंजारभाट, भामटा, टकारी अशा कितीतरी जमातींची नावं तेव्हा शिवीसारखी वापरली गेली, आणि खरं सांगायचं तर अजून पुरती सुटलेली नाहीत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. या जमातींना आता 'विमुक्त' म्हणतात, म्हणजे नव्या नावातही जुन्या कैदेची नोंद आहेच. सोलापूरच्या पत्त्यांत 'सेटलमेंट फ्री कॉलनी' आजही सापडते. कायदा गेला, पण सराईत गुन्हेगारांसाठी दुसरे कायदे आले, मुंबई राज्यात १९५९ मध्ये. कागदावर हे कायदे व्यक्तीसाठी आहेत, जमातीसाठी नाहीत. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिल्यांदा कुठल्या पालावर जाते, हे ज्याला माहीत आहे त्याला हा फरक समजावून सांगायला जाऊ नये.

मराठी वाचकाला या लेबलाची आतली बाजू समाजशास्त्राच्या पुस्तकांआधी आत्मकथनांनी दाखवली. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० मध्ये आलं, लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' १९८७ मध्ये. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दोघांनीही शीर्षक म्हणून घेतलं ते जगाने मारलेलं लेबल. त्याखाली छापलेलं लेखकाचं नाव वाचलं, की त्या लेबलाबद्दल बोलण्याची सत्ता कोणाच्या हातात आली हे कळतं. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने सिद्धान्ताची पुस्तकं उघडण्याआधी ही दोन वाचावीत, असा माझा आग्रह आहे.

सिद्धान्त आहेच. फ्रँक टॅनेनबॉमने १९३८ मध्ये लिहिलं, की खोडी काढणाऱ्या पोरावर एकदा 'वाईट' असा शिक्का बसला की समाज त्याला त्याच वाटेने ढकलत नेतो. हॉवर्ड बेकर शिकागोत जॅझ पियानो वाजवायचा, सोबतचे वादक आणि गांजा ओढणारे जवळून बघायचा. १९६३ च्या 'आउटसायडर्स' या पुस्तकात त्याने म्हटलं, की विचलन हा कृत्याचा गुण नव्हे, इतरांनी नियम लावून माणसावर बसवलेल्या शिक्क्याचा तो परिणाम आहे. यावर टीकाही झाली आणि ती ऐकायला हवी. मूळ कृत्य का घडलं याचं उत्तर हा सिद्धान्त देत नाही, आणि लेबल लागूनही अनेक जण त्याप्रमाणे वागत नाहीत. १९७३ मधला डेव्हिड रोझनहॅनचा प्रयोग या संदर्भात हमखास सांगतात: आठ धडधाकट माणसं आवाज ऐकू येतात असं सांगून मनोरुग्णालयांत दाखल झाली आणि नंतर अगदी नीट वागूनही त्यांच्यावरचं निदान पुसलं गेलं नाही. फार प्रभावी कथा. मात्र २०१९ मध्ये पत्रकार सुझाना कहालन यांनी जुनी कागदपत्रं धुंडाळून या प्रयोगाच्या सच्चेपणाबद्दलच गंभीर शंका घेतल्या. तेव्हा वर्गात हे उदाहरण द्यायचं, तर शंकेसकट द्यावं.

माणसाला लागलेलं लेबल वाईटच असतं, असा ग्रह करून घेऊ नका. ज्या मुलाला वर्षानुवर्षं 'ढ' म्हटलं गेलं त्याला कोणीतरी अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र दिलं, तर परीक्षेत जास्तीचा वेळ मिळतो आणि आईच्या डोक्यावरचं ओझंही उतरतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्या नव्या प्रकारांसाठी पालक आणि संघटना वर्षानुवर्षं झगडल्या होत्या. लेबल मागून घेण्यासाठीही लढावं लागतं. जातीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत खेटे घालणाऱ्याला हे सांगायला नको. कैकाडी समाज विदर्भात अनुसूचित जातींत मोडतो आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातींत. बंजारा महाराष्ट्रात विमुक्त, तेलंगणात अनुसूचित जमात, कर्नाटकात अनुसूचित जात. माणसं तीच, बोली तीच, सोयरीकही सीमेपलीकडे होते, आणि लेबल मात्र जिल्ह्याच्या नाहीतर राज्याच्या हद्दीवर बदलतं. यात कोणाचा लबाडपणा नाही, वेगवेगळ्या राजवटींनी केलेल्या याद्या एकत्र आल्या की असं होतं. पण ज्याची लेक हद्दीपलीकडे दिली आहे त्याला हे कसं समजावणार?

शेवटचा मुलूख नवा आहे आणि तिथली भाषा अजून कच्ची आहे. संगणकाला चित्र ओळखायला शिकवायचं, तर आधी माणसांनी लाखो चित्रांवर 'हे मांजर', 'ही सायकल' असं लिहून द्यावं लागतं. २००९ मध्ये आलेल्या इमेजनेट या संग्रहात सव्वा कोटीहून अधिक चित्रं जमली. घरबसल्या काही पैशांवर काम करणाऱ्या हजारो लोकांनी ती लेबलं लावली. त्यात माणसांचेही वर्ग होते, आणि ते काही सरळ नव्हते. २०१९ मध्ये केट क्रॉफर्ड आणि ट्रेव्हर पॅग्लन यांनी एक प्रदर्शनवजा खेळ केला: तुमचा फोटो द्या, संग्रह तुम्हाला काय म्हणतो ते बघा. अनेकांना आपल्या चेहऱ्यावर अपमानास्पद शब्द चिकटलेले दिसले. इमेजनेटने माणसांची सहा लाखांच्या आसपास चित्रं काढून टाकली. जुन्या शिक्क्यांच्या मानाने हे लवकर झालं म्हणायचं. पण तोवर त्या संग्रहावर शिकलेली यंत्रं जगभर पसरली होती.

मराठीतही हे काम सुरू आहे. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटाने २०२१ मध्ये सुमारे १६ हजार मराठी ट्वीट गोळा करून प्रत्येकावर सकारात्मक, नकारात्मक किंवा तटस्थ अशी खूण केली. उपयोगी संग्रह आहे, आणि मराठीसाठी असे अजून हवेत. पण खूण करणाऱ्याच्या जागी क्षणभर बसा. समोर वाक्य आलं: 'वा, काय झकास रस्ते केलेत, गाडीची सर्व्हिसिंग रस्त्यातच होते.' शब्द सगळे कौतुकाचे. पुण्यात वाढलेला माणूस डोळे मिटून 'नकारात्मक' म्हणेल, दुसऱ्या मुलखातला कदाचित थबकेल. दोन खुणकऱ्यांचं एकमत किती, हे मोजायला जेकब कोहेनने १९६० मध्ये कप्पा हे माप दिलं, आजही तेच वापरतात. एकमत कमी निघालं की विद्यार्थी घाबरतात आणि सूचना कडक करतात. माझा सल्ला उलटा आहे: जिथे दोघांचं जमलं नाही ती वाक्यं वेगळी काढून ठेवा. वनस्पतिसंग्रहातल्या त्या चिठ्ठ्यांसारखी दोन्ही मतं शेजारी राहू द्या. भाषेचा खरा अभ्यास तिथे आहे.

काढण्याच्या अधिकाराबद्दल अलीकडची एक घटना इथे नोंदवतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात निकाल दिला. सुकन्या शांता या पत्रकार. तुरुंगांत जातीनुसार कामं वाटली जातात, हे त्यांनी बातम्यांतून उघड केलं होतं. न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं, कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि तुरुंग नियमावलीतून विमुक्त जमातींवरचा 'सराईत' हा शिक्का पुसला. १८७१ च्या कायद्याने न्यायालयाला जो प्रश्न विचारायची बंदी केली होती, तो १५३ वर्षांनी न्यायालयानेच विचारला.

मराठीत या विषयावर अभ्यास फार थोडा झाला आहे, आणि जो आहे तो इंग्रजी पुस्तकांच्या सावलीत. विषय मात्र दाराशी पडले आहेत. खाद्यपदार्थांच्या पुड्यावरचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की कायद्याचं समाधान होतं, मराठी ऐच्छिक. त्यामुळे मराठी गृहिणीला घटकांची यादी कितपत कळते, हे कोणी मोजलं आहे? कीटकनाशकाच्या डब्यातलं माहितीपत्रक प्रादेशिक भाषेतही द्यावं लागतं, पण ते फवारणी करणाऱ्या मजुराच्या हातात पोचतं, की दुकानाच्या फडताळातच राहतं? तुम्ही विद्यार्थी असाल आणि प्रबंधाला विषय शोधत असाल, तर येत्या खरिपात यवतमाळला किंवा तुमच्या जवळच्या कुठल्याही तालुक्याला जा. डबा समोर ठेवा, हिरव्या रंगावर बोट ठेवा आणि याचा अर्थ काय, एवढंच विचारा. उत्तरं जशी येतील तशी लिहून आणा.